डिस्चार्ज कार्डावर एक ओळ हवी आहे

प्रति,
मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या प्रौढ रुग्णांची तपासणी आणि उपचार

महोदय,

स. न. वि. वि.

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. शहरातले लोक 'स्पीच थेरपिस्ट' म्हणतात, खेड्यातून येणाऱ्या आज्या 'बोलायच्या डॉक्टरीणबाई' म्हणतात. गेली १९ वर्षं सोलापूर जिल्ह्यात हे काम करते आहे. सुरुवातीला माझ्याकडे बहुतेक लहान मुलंच यायची. हळूहळू मोठी माणसं येऊ लागली, तीही आजारपणानंतर फार उशिरा. हे पत्र त्या मोठ्या माणसांसाठी आहे.

मागणी छोटी आहे, म्हणून आधीच सांगते. पक्षाघाताचा झटका येऊन सरकारी रुग्णालयात भरती झालेल्या प्रत्येक माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापलेली असावी : 'बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं तपासलं का? दोष आढळला का? पुढे कोणाकडे पाठवलं?' ती भरल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये. एवढ्याशा ओळीसाठी जाहीर पत्र का लिहावं लागतं, ते सांगायला मात्र जागा लागेल.

मागच्या आषाढात एक निवृत्त एसटी कंडक्टर बायकोबरोबर माझ्याकडे आले. २८ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी सोलापूर-पंढरपूर गाडीवर. सात महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलेलं. उजवा पाय ओढत चालत होते, उजवा हात कोपरात दुमडलेला. काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. सीटी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. कार्डावर सगळं नीट लिहिलेलं होतं. रक्तदाब किती, साखर किती, मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली, उजव्या अंगाचा पक्षाघात, गोळ्या कोणत्या, मीठ कमी, फिजिओथेरपी चालू ठेवणे, १५ दिवसांनी दाखवणे. बोलण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि या माणसाच्या तोंडून सात महिने एकच शब्द निघत होता.

तो शब्द 'चला'. भूक लागली तरी चला, राग आला तरी चला, नातू शाळेतून आला की हसून चला.

"ह्यांना आता काही कळत नाही मॅडम," काकू म्हणाल्या. "काही विचारा, आपलं चला चला." हे त्या त्यांच्यासमोरच बोलत होत्या. काकांनी मान खाली घातली, आणि मला तिथेच शंका आली. ज्याला कळत नाही तो अशा वाक्याला मान कशाला खाली घालेल?

मी टेबलावर पर्समधल्या नोटा आणि नाणी मांडली. म्हटलं, "काका, १४ रुपयांचं तिकीट. मी २० ची नोट दिली. उरलेले द्या." त्यांनी डाव्या हाताने पाचचं नाणं सरकवलं, मग एक रुपयाचं. "आता दोन फुल, एक हाफ. ही घ्या ५० ची नोट." थोडा वेळ गेला. त्यांनी दहाची नोट आणि पाचचं नाणं पुढे केलं, मान वर केली आणि म्हणाले, "चला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे सगळं कळतंय ह्यांना? मग आम्ही सात महिने..." पुढचं त्यांना बोलवेना.

त्या सात महिन्यांत काकांचा मोबाइल काढून घेतला होता, एटीएम कार्ड मुलाकडे गेलं होतं आणि धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पाहुणे त्याच खोलीत बसले होते. काका कॉटवर होते. त्यांना कोणी विचारलं नाही. घरातली माणसं वाईट नव्हती. रुग्णालयातून निघताना त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की या माणसाचं बोलणं गेलंय, बुद्धी गेलेली नाही.

महोदय, याला वाचाघात म्हणतात. डॉक्टर अफेझिया म्हणतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते. तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द सापडेनासे होतात, वाक्य जुळत नाही, कधी ऐकलेलं उमगत नाही, वाचता-लिहिता येत नाही. स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा हा झटका, आलेल्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला सुरुवातीच्या दिवसांत हा त्रास असतो. काहींचा महिन्याभरात ओसरतो, बऱ्याच जणांचा राहतो. ही काही नवी गोष्ट नाही. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या सर्जनने एक रुग्ण तपासला. २१ वर्षं तिथे राहिलेल्या त्या माणसाच्या तोंडून 'टॅन' एवढंच निघायचं, पण विचारलेलं त्याला बरंचसं कळत होतं. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला तेव्हा डावीकडचा पुढचा भाग खराब झालेला होता. पुढे १८७४ मध्ये कार्ल वर्निकेने दुसऱ्या प्रकारचे रुग्ण दाखवले. ते भराभर बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं त्यांना उमगत नाही. दीडशे वर्षांहून जुनं हे ज्ञान वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जातं. कार्डावर ते अजून उतरलेलं नाही.

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचे हाल तर वेगळेच. किराणा दुकान चालवणाऱ्या एक मावशी एका सकाळी उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "ते तिकडं कापडलं का, मग सरभाट आलं तर पिवळं ठेव." हातपाय धडधाकट. आवाज तोच, बोलण्याची लय तीच, हातवारे तेच, फक्त शब्द या जगातले नव्हते. घरच्यांनी आधी देवरुषी गाठला, कारण 'बाहेरचं' वाटलं. तिथून मनोविकारतज्ज्ञांकडे. स्कॅन झाला तो नवव्या दिवशी. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला साडेचार तास असतात, मावशींचे नऊ दिवस गेले. एकाएकी बरळायला लागलेला माणूस वेडा झाला असं समजण्याआधी स्ट्रोकचा विचार करा, एवढं जरी आशाताईंना आणि १०८ च्या कर्मचाऱ्यांना ठसवून सांगितलं तरी काही मेंदू वाचतील. २०१४ पासून १०८ मुळे आपल्या राज्यात रुग्ण वेळेत पोचू लागले, हे मी रोज पाहते. म्हणून तर वाटतं की जीव वाचल्यानंतरचं कामही याच खात्याने हाती घ्यावं.

आमच्याकडे येईपर्यंत घरोघरी काय काय होऊन गेलेलं असतं! वेखंड उगाळून मधातून जिभेवर चाटवतात. जिभेची शीर आखडली म्हणून चोळतात. मी त्या माणसांना कधी रागवत नाही, कारण जीभ हलते ती दिसते, मेंदूतला शब्दांचा कप्पा दिसत नाही. पण धोका आहे. झटक्यानंतर कित्येकांना गिळण्याचा त्रास असतो, आणि चाटण श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय तीन वेगळे आजार एकाच नावाखाली जातात. जीभ-ओठांचे स्नायू दुबळे झाले की बोलणं अडखळतं, पण शब्द बरोबर असतात आणि लिहायला सांगितलं तर माणूस पूर्ण वाक्य लिहितो. दुसऱ्या प्रकारात स्नायूंत ताकद असते, पण उच्चाराची जुळणी बिघडते. माणूस 'पाणी' म्हणायला तोंड उघडतो, 'तापी', 'पाती' असं चाचपडत राहतो, आणि स्वतःची चूक त्याला कळत असते. तिसरा वाचाघात, ज्यात भाषाच हललेली असते. तिन्हींचे उपचार वेगळे. एकाच माणसात दोन-दोन असतात तेव्हा तर ओळखायला सवयीचा कान लागतो.

पण पहिली चाळणी लावायला आमच्यासारख्यांची गरज नाही. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला किंवा प्रशिक्षित परिचारिकेला दहा मिनिटांत ती करता येते. आधी चष्मा घालायला द्यायचा आणि ऐकू येतं का ते पाहायचं, कारण कितीतरी म्हातारी माणसं बिनचष्म्याची तपासली जातात आणि नापास ठरतात. मग नातेवाइकांना दोन पावलं मागे उभं करायचं. हे सर्वांत अवघड, कारण प्रश्न नवऱ्याला विचारला की उत्तर बायको देते. मग हो-नाहीचे प्रश्न : "तुमचं गाव बार्शी का?", "आता रात्र आहे का?", "दगड पाण्यावर तरंगतो का?" प्रत्येक प्रश्न उलटूनही विचारायचा, कारण काही रुग्ण सगळ्यालाच मान डोलावतात आणि आपल्याला वाटतं त्यांना समजलं. मग सूचना, हातवारे न करता : "डोळे मिटा." "आधी छत दाखवा, मग दार." मग खिशातलं पेन, मनगटावरचं घड्याळ, सलाइनची नळी दाखवून नाव विचारायचं. मग एखादा शब्द आपण म्हणायचा आणि तो त्यांच्याकडून म्हणून घ्यायचा. शेवटी डाव्या हातात पेन देऊन नाव लिहायला सांगायचं आणि मोठ्या अक्षरात 'तोंड उघडा' लिहिलेला कागद समोर धरायचा. काकांना ही दहा मिनिटं मिळाली असती तर पुढचे सात महिने वाचले असते.

आता भाषेबद्दल, कारण इथेच आपल्या राज्याचं वेगळेपण आहे.

सोलापुरात पद्मशाली समाजाच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. शाळा मराठी, बाजार मराठी, शेजारी कन्नड नाही तर उर्दू. यंत्रमागावर टॉवेल विणणारे एक आजोबा माझ्याकडे आले तेव्हा मी मराठीत तपासलं. दहा चित्रांपैकी एकाचं नाव आलं. मी 'तीव्र' असं लिहून मोकळी होणार होते. त्यांच्या सुनेने तीच चित्रं तेलुगूत विचारली आणि आजोबांनी सहा सांगितली. त्या दिवसापासून मी कुणालाही पेन, घड्याळ दाखवण्याआधी त्याची भाषेची कुंडली मांडते. आईशी कोणत्या भाषेत बोलायचा, शाळा कोणती, मालाचा भाव कोणत्या भाषेत करायचा, शिवी कोणत्या भाषेत देतो, पोथी कोणत्या लिपीत वाचायचा. झटक्यानंतर सगळ्या भाषा सारख्या परत येतीलच असं नसतं. धुळे-जळगावकडच्या माणसाची अहिराणी, सिंधुदुर्गातल्याची मालवणी, सीमाभागातल्याचं कन्नड धरून तपासलं नाही, तर आपण त्याचा आजार मोजत नसतो, त्याचं पुस्तकी मराठी मोजत असतो.

आणि मराठी तपासायची तरी कशाने? आमच्या विषयातल्या बहुतेक नावाजलेल्या चाचण्या अमेरिका-कॅनडात इंग्रजीसाठी तयार झाल्या. बोस्टनच्या एका प्रसिद्ध चाचणीत ६० चित्रं ओळखायची असतात. त्यात एस्किमोंचं बर्फाचं घर आहे, बीव्हर हा प्राणी आहे, ओकच्या झाडाचं फळ आहे. माढ्याच्या शेतकऱ्याला ओकचं फळ ओळखता आलं नाही म्हणून त्याच्या मेंदूबद्दल काय कळणार? त्याला पाभर दाखवा, कासरा दाखवा, वैरण दाखवा. मी आणि माझ्या ओळखीतले सहकारी स्वतः जमवलेली चित्रं आणि स्वतः केलेली भाषांतरं वापरतो. पण माझा आकडा आणि नांदेडच्या सहकाऱ्याचा आकडा शेजारी ठेवता येत नाही.

प्रश्न नुसता चित्रांचाही नाही. मराठीचा कणा तिच्या शेपट्यांत आहे. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. 'तो खातो', पण 'त्याने खाल्लं'. घर, घरी, घरात, घराला. वाचाघाताच्या एका प्रकारात नेमक्या याच शेपट्या गळतात. एका बँक कर्मचारी ताईंचं वाक्य माझ्या वहीत आहे : "मुलगी... शाळा... मी... डबा... देणं." प्रत्येक शब्द जागेवर आहे, त्यांना बांधणारा दोरा नाही. इंग्रजी चाचणीचं भाषांतर हे पकडत नाही, कारण इंग्रजीत असा दोरा फारच थोडा आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयातून वाचा-उपचारतज्ज्ञांच्या कितीतरी तुकड्या शिकून बाहेर पडल्या आहेत. आपल्या खात्याने त्यांना एकत्र बसवून सरकारी रुग्णालयांसाठी एक प्रमाणित मराठी संच करून घ्यावा. तो शाळा न शिकलेल्यांसाठी वेगळा आणि पदवीधरांसाठी वेगळा मोजता आला पाहिजे, बोलीभाषेला दोष न मानणारा असला पाहिजे.

उपचारांचं सांगते. 'सहा महिने झाले, आता काय व्हायचं राहिलंय' हे वाक्य मी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जर्मनीतला एक अभ्यास आला. स्ट्रोकनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ वाचाघात टिकलेले १५६ रुग्ण होते. ज्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार मिळाले त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ज्यांना तेवढे दिवस थांबवून ठेवलं होतं त्यांचं सुधारलं नाही. आठवड्याला दहा तास! आपल्याकडे महिन्याला दोन तास मिळाले तरी रुग्ण नशीबवान.

काकांबरोबर मी कुठून सुरुवात केली? पाठ झालेलं, ओळीने येणारं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतं. म्हणून बायकोचं नाव न येणारा माणूस आरती पूर्ण म्हणतो, एक ते वीस मोजतो, पावकी-निमकीसुद्धा घडाघडा म्हणून दाखवतो. काकांची आरती अडली, पाढेही अडले. मग मी एसटीचा जुना मार्ग धरला. टेबलावर बोट सरकवत म्हटलं, "सोलापूर... मो..." "होळ," ते म्हणाले. दोघंही थबकलो. "पे..." "पेनूर." "तुं..." "तुंगत. पं-ढर-पूर." सात महिन्यांत पहिल्यांदा 'चला' सोडून दुसरा शब्द आला होता आणि एकदम चार गावं आली होती. काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

त्यापुढचं काम हळू आणि चिकाटीचं असतं. गावाचं नाव ओळीतून काढून एकटं म्हणायला लावायचं. मग तिकीट, मग 'तिकीट घे', 'तिकीट फाड', क्रियापद आलं की वाक्य उभं राहायला लागतं. शब्द अडला तर त्याच्या भोवती फिरायचं : कुठे असतो, कशासाठी लागतो, हातात घेतल्यावर कसा लागतो. पहिलं अक्षर आपण द्यायचं आणि हळूहळू ते काढून घ्यायचं. सोबत घरच्यांची शिकवणी, आणि माझ्या मते निम्मा उपचार तिथेच आहे. टीव्ही बंद करून बोला. एका वेळी एकच विषय. प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असा विचारा, मुख्य शब्द कागदावर लिहून दाखवा. घरातल्या माणसांचे, औषधांचे, देवळाचे, दुकानाचे फोटो एका वहीत चिकटवून ती वही उशाशी ठेवा. माणूस शब्द शोधत असेल तर थांबा. पाच महिन्यांनी काकांकडे चाळीसेक शब्द होते. त्यात 'नको' होता. 'नको' आल्यावर घरातलं वारंच बदललं, असं काकू सांगतात. काकांचं बोलणं पूर्ववत होणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

आता पदांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरहून झाली. त्या कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. फार मोलाचं काम आहे ते. पण ते जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. ५८ वर्षांच्या कंडक्टरसाठी त्याच आवारात दार नाही. त्या केंद्रातल्या मुलांचा वेळ काढून मोठ्यांना द्या असं मी मुळीच म्हणणार नाही, ती मुलं आधीच रांगेत आहेत. प्रौढांसाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वेगळं पद हवं. ३६ जिल्हे, म्हणजे सुरुवातीला ३६ माणसं. तोवर ई-संजीवनीवर, म्हणजे मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला मिळणाऱ्या सरकारी सेवेवर, वाचा-उपचारांची वेळ ठेवता येईल. करमाळ्याहून सोलापूरला यायचं तर एका तासाच्या उपचारासाठी दोन माणसांचा अख्खा दिवस जातो. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हा काकूंसारख्या कितीजणी नवऱ्याला घेऊन नियमित येऊ लागल्या, हे मी हजेरीच्या वहीत पाहिलंय. पण सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण देणार? मोबाइलवर, घरचं माणूस शेजारी बसवून, हे उपचार चांगले होतात. मी करून पाहिले आहेत.

कायद्याचं बोलायचं तर तो आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या परिशिष्टात 'वाचा आणि भाषा दिव्यांगता' आहे आणि तिच्या व्याख्येत अफेझियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ज्याचा वाचाघात कायमचा राहिला तो प्रमाणपत्राचा हक्कदार आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर हातापायाची टक्केवारी असते, भाषेची नसते. मावशींसारखे हातपाय चांगले असलेले तर प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर उभेच राहत नाहीत, कारण आपल्याला काही मिळू शकतं हेच त्यांना ठाऊक नसतं. पहिल्या दिवसापासून कागदावर नोंद नसेल तर दोन वर्षांनी सिद्ध कशाने करायचं?

याहून मला अस्वस्थ करतं ते सह्यांचं. एका आजींना मुलांनी हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायला नेलं होतं. आजी मान हलवत होत्या, मुलगा म्हणाला होकार आहे. नंतर त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पाहिलं, त्यांचं हो आणि नाही यांत गल्लत होत होती. तोंडाने 'हो' म्हणायच्या आणि हाताने कागद लोटायच्या. त्यांना नक्की काय म्हणायचं होतं ते शोधायला मला दोन बैठका आणि 'हो', 'नाही', 'माहीत नाही' अशी तीन मोठ्या अक्षरांची कार्डं लागली. एका हाताने जमिनीचा नकाशा, दुसऱ्या हाताने 'नाही'चं कार्ड त्यांनी माझ्यासमोर तीनदा धरलं. काहींना खरंच कळत नसतं, तेही तितकंच खरं आहे, आणि त्यांच्या बाजूने कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो. पण कोणाला कळतं आणि कोणाला नाही हे तपासल्याशिवाय ठरवायचा अधिकार कुणालाच नाही, मुलालाही नाही आणि डॉक्टरलाही नाही.

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या तरुणांचं आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांचं स्वतंत्र पत्र होईल. हेल्मेट नसलेला २४ वर्षांचा मुलगा कोमातून उठतो, स्वच्छ बोलतो, म्हणून 'बरा' ठरतो. आणि मग कामावर एकाच विषयावर तासभर बोलतो, थट्टा कळत नाही, तीन वाक्यांपूर्वीचं विसरतो, नोकरी जाते. त्याच्याही कार्डावर ही ओळ असावी.

ओळीचा एवढा आग्रह का, तर आज माझ्या जिल्ह्यात वाचाघाताचे रुग्ण किती, हे सांगणारा एकही सरकारी कागद माझ्या हाती नाही. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून पद मागता येत नाही. पद नाही म्हणून पाठवायचं कोणाकडे हा प्रश्न, आणि पाठवायला कोणी नाही म्हणून डॉक्टर नोंद करत नाही. हे चक्र कुठेतरी तोडायचं तर ओळ सर्वांत स्वस्त आहे. तिला छपाईखेरीज खर्च नाही. वर्षभर ती भरली गेली की ३६ जिल्ह्यांचे आकडे आपल्या टेबलावर असतील आणि पुढचा निर्णय त्यावरून घेता येईल.

ओळीचा मसुदा आणि दहा मिनिटांच्या तपासणीचा मराठी नमुना पत्रासोबत जोडत आहे. तो कुणीही वापरावा, बदलावा, माझं नाव घालायची गरज नाही.

दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता माझ्याकडे वाचाघात झालेल्यांचा गट बसतो. सात-आठ जण असतात. काका सव्वादोनलाच येऊन दाराशी उभे राहतात, एकेकाला आत घेतात, कुणाची काठी धरतात, शेवटचा माणूस बसला की दार लावून घेतात. आपण किंवा आपल्या खात्यातलं कुणी एखाद्या गुरुवारी यावं ही विनंती. येताना कोरा कागद आणि जाड टोकाचं पेन घेऊन यावं. कुणी आपल्याशी बोलू लागलं आणि मध्येच अडलं तर शब्द आपण पुरवू नये, मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. बहुतेक वेळा आठ-नऊच्या सुमारास शब्द येतो.

आपली विश्वासू,
एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ
सोलापूर जिल्हा